पहिली ओळ संपायच्या आत

बाकीची मंडळी गळ्यात क्रूस घालायची, मास्तर पियानोची किल्ली घालायचे. काळ्या दोऱ्यात ओवलेली, शर्टाच्या आत. उपासनेच्या पाव तास आधी ते चर्चमध्ये यायचे, बूट दाराशी काढायचे, मोज्यांवर चालत पियानोपर्यंत जायचे आणि दोरा गळ्यातून न काढता, वाकून, तसंच कुलूप उघडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पियानोच्या पाया पडताहेत. मला वाटायचं, या लाकडी खोक्यात असं आहे तरी काय, की ते एवढं जपून उघडावं लागतं आणि उपासना संपली रे संपली की, शेवटचं 'आमेन' हवेत असतानाच, बंद करावं लागतं?

आमचं चर्च छावणीतलं, जुनं, दगडी. मंडळी मराठी, कुणी दवाखान्यात नर्स, कुणी शाळेत शिक्षक, माझे बाबा आणि त्यांच्यासारखे काही जण रोज कंपनीच्या बसने बिडकीनला जाणारे. मास्तर मात्र कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. बॉनेटला कान लावून इंजिनात काय बिघडलंय ते सांगायचे म्हणे. 'मास्तर' हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. ही गोष्टसुद्धा मला जरा संशयास्पद वाटायची.

मी स्वभावानेच अशी आहे. दुकानदार 'ही घ्या, ही चांगली आहे' म्हणाला की मी दुसरी घेते. शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायची सवय तिथे लागली, आणि तपासून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बोलले कमी आणि बघत जास्त राहिले. मास्तरांना मी सहा वर्षं बघितलं. आता ते जालन्याला लेकीकडे राहतात. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसले की अजून वाटतं, काहीतरी आपल्यापासून लपवलंय या माणसाने.

पियानोवर, नोटेशनचा कागद ठेवायच्या पट्टीला, त्यांनी स्कूटरचा आरसा बसवला होता. गोल, दांडीसकट. पियानो भिंतीला लागून होता, वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे, म्हणून आरसा. निदान त्यांचं म्हणणं तसं. पण ते त्या आरशात फारच बघायचे. गीत चालू असताना, प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, उपदेश चालू असताना. कोण आलं, कोण कुणाशेजारी बसलं, कोण रडलं. एकदा आरशात आमची नजरानजर झाली. मी खाली बघितलं. वर बघितलं तर ते अजून बघत होते, आणि मग त्यांनी गुडघ्यावरच्या वहीत काहीतरी लिहिलं.

ती वही म्हणजे औरंगपुऱ्यातून आणलेली लांब, पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठ असलेली वही. स्टुलाच्या आत ठेवायचे. तिच्याकडे नंतर येते.

मला पियानो येत होता. शाळेत शिकले होते, पाच परीक्षा दिल्या होत्या, प्रमाणपत्रं फाईलमध्ये लावलेली आहेत. कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाजवायचं, एवढं मला उत्तम जमायचं. अकरावीत असताना आईने मला मास्तरांसमोर उभं केलं आणि सांगितलं, हिला मंडळीत वाजवायला शिकवा, तुमच्यानंतर कुणीतरी पाहिजे. 'तुमच्यानंतर' हा शब्द त्यांना आवडला नसावा. त्यांनी मला नखशिखांत बघितलं.

"काय वाजवतेस, मिससाहेब?"

मी माझं गीतांचं नोटेशनचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, मिटलं, आणि त्यावर बसले. खरंच बसले, स्टूल थोडं बुटकं पडायचं त्यांना. पुढचे सहा महिने माझं पुस्तक त्यांच्या खालीच होतं.

त्यांची शिकवणी म्हणजे तीन कॉर्ड. एका वेळी तीन पट्ट्या, तीन बोटांनी. "तीन बोटांत अख्खी मंडळी बसती," ते म्हणायचे, "उरलेली दोन चहाचा कप धरायला." कॉर्डना मी शिकलेली नावं त्यांना चालायची नाहीत. पहिला कॉर्ड म्हणजे घर. दुसरा अंगण. तिसरा फाटक. गीत घरातून निघतं, अंगणात हिंडतं, फाटकापर्यंत जातं आणि फाटकातून परत घरी येतं. "फाटकात कुणाला उभं करून ठेवू नये," असंही म्हणायचे. आणखी एक होता, जरा उदास लागणारा, त्याला मागची खोली म्हणायचे. तिथे फार वेळ थांबायला मला मनाई होती.

मी विचारायची, पण या ओळीला अंगण का आणि फाटक का नाही? ते म्हणायचे, "तू गा ना, कळंल." मी गात नव्हते. लहानपणापासून मंडळीत नुसते ओठ हलवत आले होते. मग ते स्वतःच गुणगुणतील असं वाटायचं, तर तेही गात नव्हते. न गाणारा गुरू आणि न गाणारी शिष्या, आणि मध्ये घर-अंगण-फाटक. मला खात्री वाटू लागली की या माणसाला खरं काहीच येत नाही, आणि म्हणून कागद खाली दाबून ठेवलाय.

मी परीक्षा घेतली. एका रविवारी त्यांच्यासमोर दुसऱ्याच गीताचं नोटेशन उघडून ठेवलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, गीत जाहीर केलं. मास्तरांनी चष्मा सावरला, कागदाकडे गंभीरपणे बघितलं आणि जाहीर झालेलं गीत बिनचूक वाजवलं, कागदावर भलतंच असताना. वर मध्येच, योग्य जागी, पानही उलटलं. मी मागे उभी राहून मनात म्हटलं, सापडलात.

आज लिहिताना वाटतं, पान उलटताना त्यांना हसू येत असणार. तेव्हा असलं काही मनात आलं नाही.

लबाडीचा दुसरा पुरावा उपदेशाचा होता. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब मनाने फार चांगले, पण त्यांना थांबता यायचं नाही. पस्तीस मिनिटं झाली की मास्तर अगदी हळू, पाऊल न वाजवता कुणी यावं तसा, फाटकाचा कॉर्ड दाबायचे आणि तसाच धरून ठेवायचे. घरी न्यायचेच नाहीत. सूर हवेत लोंबकळत राहायचा. बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची, कुणी खोकायचं, पोरं उठून उभी राहायची. पाळकसाहेबांना का ते कळायचं नाही, पण दोन-तीन वाक्यांत ते 'आपण प्रार्थना करू या' म्हणायचे, आणि मास्तर घराचा कॉर्ड वाजवून सगळ्यांना मोकळं करायचे. मंडळी म्हणायची, पाळकसाहेबांना वेळेचं भान आहे. मला वाटायचं, जो माणूस कुणाला न कळता एवढ्या लोकांना उठवू-बसवू शकतो, त्याच्यापासून जपून राहावं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. पहिलं गीत पाळकसाहेब जाहीर करतात. दुसरं असतं साक्षीचं गीत. ज्याच्या घरी अलीकडे काही घडलंय, म्हणजे मूल झालं, कुणी गेलं, कुणी दवाखान्यातून घरी आलं, तो उभा राहतो, एक वाक्य बोलतो आणि मनातलं गीत स्वतः सुरू करतो. पुस्तक नाही, क्रमांक नाही. तो ज्या सुरात सुरू करील त्या सुरात मंडळी उचलते. आणि पियानोने त्याला गाठायचं असतं. मास्तर सांगायचे, "पहिली ओळ संपायच्या आत गाठायचं. दुसरी लागली म्हंजे वरात पुढं निघून गेली समज." ते स्वतः पाचव्या-सहाव्या शब्दालाच हजर असायचे. थरथरत उभी राहिलेली बाई पहिले दोन शब्द एकटी गायची, तिसऱ्या-चौथ्याला घाबरायची, आणि तेवढ्यात खालून पियानो यायचा. गाणाऱ्यांना वाटायचं, आपला सूरच पक्का आहे.

साक्षीच्या गीताला मला त्यांनी कधी बसू दिलं नाही. "अजून नाय," एवढंच. मला त्याचा राग होता.

तर वही. तिच्यावर माझ्या आधीपासून काही लोकांचा डोळा होता. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी अंकल एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले की मास्तर उपदेशात वहीत लिहितात ते वचनं नव्हेत, माणसांची नावं असतात. कुणीतरी मागून पाहिलंय. कमिटीची निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे सगळेच सगळ्यांकडे संशयाने बघत होते. "बेटा, तू तिथं बाजूलाच असती. जरा लक्ष ठेव," ते म्हणाले. ते मी न सांगताही ठेवत होतेच.

आणि मग मार्च महिन्यातल्या एका रविवारी मास्तर वही विसरले. झाकण बंद, किल्ली गळ्यात, आणि झाकणावर वही उघड्यावर. त्यांनी बूट घातले आणि गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

यावर मी नंतर एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, की वही खरंच विसरला होतात का. ते पियानोच्या आत डांबराच्या गोळ्या टाकत होते, उंदरांसाठी. म्हणाले, "किल्ली विसरलो का कधी?" आणि पुढची गोळी टाकली. याचा अर्थ हो की नाही, ते मी आजही ठरवू शकलेले नाही.

चर्च रिकामं झालं होतं. मी वही उघडली. पानापानावर नावं होती, आमच्या मंडळीतल्या प्रत्येकाचं. नावापुढे आकडा, एक ते सात. काही आकड्यांच्या डोक्यावर टिंब, काहींच्या नाही. त्यापुढे तारीख आणि शेरा. 'मुलगा दुबईला गेला.' 'सुनेशी पटत नाही, वेगळ्या बाकावर.' 'नोकरी सुटली, घरी सांगितलं नाही.' शेऱ्याच्या पुढे पुन्हा आकडा, बहुतेक वेळा बदललेला. मला वाटलं, हे गुण आहेत. हा माणूस आरशात बघून लोकांना गुण देतोय.

मी पानं उलटत आईच्या नावाशी आले. आकडा पाच, त्यावर टिंब. मग, 'फेब्रुवारी. घरात बोलणं बंद दिसतंय.' मग आकडा चार, त्यावर टिंब.

आमच्या घरात फेब्रुवारीपासून आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. कारण मी इथेही लिहिणार नाही. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, कॉलेजमधल्या जवळच्या मैत्रिणीलासुद्धा नाही. रविवारी आम्ही तिघंही इस्त्रीचे कपडे घालून एका बाकावर बसत होतो, बाबा मंडळीच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना हसून 'सलाम' म्हणत होते, आणि मला वाटत होतं की आम्ही ते छान झाकलंय. आणि या माणसाने ते स्कूटरच्या आरशात बघून वहीत उतरवलं होतं, वर आईचा एक गुण कापला होता.

मी फोटो काढले. स्वच्छ आले. चौदा पानं. शेवटच्या पानावर माझं नाव होतं; पुढे आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं: 'अजून ऐकलं नाही.' मी वही होती तशी ठेवली आणि आईचं पान वगळून बाकीचे फोटो सेक्रेटरी अंकलना पाठवले.

बुधवारी संध्याकाळी कमिटी बसली. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं, काही विचारायचं झालं तर. कुणी काही विचारलं नाही. 'एका जबाबदार मुलीने लक्षात आणून दिलं,' एवढंच सेक्रेटरी अंकल म्हणाले. मास्तर वही मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, वाजवायची वही. त्यावर एकाने म्हटलं की यात एकही सूर लिहिलेला नाही, आणि कुणाचं सुनेशी पटत नाही हे पियानोला कशाला लागतं? थोडं हसू झालं. मग सेक्रेटरी अंकलनी त्यांना आकड्यांचा अर्थ सांगायला सांगितलं.

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. तिथे सात माणसं होती आणि सातही जण वहीत होते.

"असं सगळ्यांसमोर नाय सांगणार. ज्याचं त्याला सांगंन, एकेकट्याला. इचारा कधी बी."

"म्हणजे काळंबेरं आहेच," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी वाद घातला नाही. गळ्यातला दोरा काढला. तो चष्म्याच्या काडीत अडकला, तो सोडवायला त्यांना वेळ लागला आणि कुणी मदत केली नाही. किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाले, डावीकडून तिसरी पांढरी पट्टी दमट हवेत चिकटते, तिला ठोकू नका, दाबा. वही कपाटात गेली. जाताना माझ्या खुर्चीजवळ थांबले, आणि मला वाटलं आता बोलतील. ते माझ्या हातांकडे बघत होते. "डावा कमी पडतो तुझा," म्हणाले आणि गेले.

मी जिंकले होते, असं म्हणायला हवं. किल्ली मला मिळाली. मी ती पर्समध्ये ठेवली.

त्या रविवारी मास्तर बूट घालूनच आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी माझं पुस्तक पट्टीवर उघडून ठेवलं. ते अजून जरा वाकलेलं होतं. पहिलं गीत कागदावर होतं तसं वाजवलं. छान झालं. मग साक्षीच्या गीताला रत्नाआंटी उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान जाऊन सोळा दिवस झाले होते. त्या म्हणाल्या, "शेवटी त्यांना त्रास झाला नाही," आणि गायला लागल्या. गीत मला पाठ होतं. मी पान काढलं आणि जसं छापलंय तसं वाजवायला घेतलं. पण छापलेलं होतं एका सुरात आणि आंटी होत्या दुसऱ्याच सुरात. दोन्ही एकमेकांवर आदळलं. आंटी थांबल्या, माझ्या सुरात यायचा प्रयत्न केला, तो त्यांच्या गळ्याला झेपेना. मी थांबले तर त्याही थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "राहू दे," आणि खाली बसल्या. नवरा गेलेली बाई, साक्ष द्यायला उभी राहिलेली, पदराने तोंड पुसत खाली बसली.

मी आरशात बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघणार? शेवटच्या बाकावर मास्तरांनी हात वर केला होता. पाच बोटं. मग एक बोट डोक्यावर टेकवलं. पुन्हा पाच, पुन्हा डोक्यावर. मला वाटलं ते विचारताहेत, डोकं आहे का जागेवर. सगळ्यांसमोर. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन मी जेवले नाही. दुपारी आई खोलीत आली आणि माझ्याशेजारी बसली. तिने काही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं. मास्तरांची खूण सांगितली. आणि त्यांनी आंटींच्या नावापुढेही कसे गुण लिहिलेत ते दाखवायला फोनवर ते पान काढलं. आकडा पाच, त्यावर टिंब. शेरा ताजाच, यजमान अत्यवस्थ असतानाचा: 'साक्षीला उठतील. आधीच जाऊन थांबावं.'

आईने फोन हातात घेतला. ती लहानपणी गावाकडे पेटीवर गायची.

"गुण कुठले, अगं. गाण्याची पट्टी आहे ही. टिंब म्हणजे काळी. काळी पाच. रत्नाबाईंचा सूर तिथं आहे, पाचव्या काळीवर."

मला इंग्रजी अक्षरांतली सुरांची नावं पाठ होती, बारीकसारीक चिन्हांसकट. काळी पाच, पांढरी चार ही आपल्याकडची मोजणी मला कुणी शिकवली नव्हती, आणि मी कधी विचारली नव्हती. पाच बोटं, आणि वर एक टिंब. तो माणूस माझ्यामुळे पियानो हातून गेल्यावरही मागच्या बाकावरून मला सूर दाखवत होता.

मी हे सगळं मनात जुळवत असताना आईने बोटाने पान पुढे सरकवलं. मी फोन ओढायच्या आत तिचं स्वतःचं पान आलं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर बाबा टीव्ही बघत होते, त्याचा आवाज येत होता.

"एवढा खाली आलाय का माझा आवाज?" ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी दर रविवारी बसत होते. मला ऐकू आलं नव्हतं.

नंतर मी बाकीची पानं जुळवून बघितली. मुलगा दुबईला गेला तेव्हा एकाचा सूर खाली. परत आला, वर. ज्याची नोकरी सुटली त्याचा खाली. माणूस दुःखात असला की खाली उतरतो, आणि मास्तर त्याच्या आधी तिथे जाऊन उभे राहायचे, एवढीच ती वही होती. आणि कमिटीत अर्थ सांगितला असता तर कुणाचा सूर कधी आणि का उतरला हे सातही जणांना एकमेकांचं कळलं असतं. म्हणून नाही सांगितलं. असं मला वाटतं. मी त्यांना पूर्ण निर्दोष धरायला अजून तयार नाही. आरशात ते जरा जास्तच बघायचे.

मी सेक्रेटरी अंकलना फोन केला, तीनदा वाक्य तपासून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, असेल बेटा, पण लोकांच्या घरातल्या गोष्टी लिहिल्या आहेत ना? ठराव झालाय. आता काय मंडळीसमोर सांगणार आहेस का तू?

त्यांना माहीत होतं मी सांगणार नाही. मलाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी पहिलं गीत मी वाजवलं. मग झाकण उघडंच ठेवलं, किल्ली कुलपात, पुस्तक मिटलेलं, आणि उठून आईशेजारी बाकावर जाऊन बसले. पाळकसाहेबांनी साक्षीचं गीत पुकारलं. रत्नाआंटी मान खाली घालून बसून राहिल्या. कुणीच उठलं नाही. मी उठले. सेक्रेटरी अंकल वळून बघायला लागले.

"मास्तरांच्या वहीचे फोटो मी काढले होते," मी म्हटलं. "मला ती वही वाचता आली नव्हती."

रीतीप्रमाणे एकच वाक्य बोलायचं असतं, मी दोन बोलले. आणि मग बसायचं नव्हतं, गायचं होतं. रत्नाआंटींचं राहिलेलं गीतच माझ्या तोंडात आलं. माझा आवाज मी मंडळीत पहिल्यांदाच ऐकला. वाटला होता त्यापेक्षा जाड होता. पहिले दोन शब्द गेले. मंडळीतल्या कुणीही उचललं नाही, सगळे पियानोकडे बघत होते आणि पियानोपाशी कुणी नव्हतं. तिसरा शब्द गेला. मागे काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला, बूट पडल्यासारखा. मग तसाच दुसरा. मग काहीच नाही. मोज्यांचा आवाज होत नाही. वळून बघायचा धीर मला नव्हता.

मी कुठल्या पट्टीत सुरुवात केली होती, मला माहीत नव्हतं. पहिली ओळ संपायच्या आत कळलं.